दीवच्या टेकडीवरची खुकरी

वेरावळहून निघालेली गुजरात एसटी कोडिनार, ऊना करत दीवच्या रस्त्याला लागली की बसमधल्या गप्पांचा सूर सैल होतो. गुजरातेत दारूबंदी आणि दीव केंद्रशासित; तेव्हा शनिवारच्या बसमधले बरेचसे लोक कशासाठी निघालेले असतात, हे वेगळं सांगायला नको. घोघल्याचा पूल ओलांडून बेटावर उतरलो आणि रिक्षावाल्याला ‘खुकरी’ म्हणालो. त्याने विचारलं, ‘सनसेट बघायला?’ जागा तीच. बहुतेक लोक तिथे सूर्यास्तासाठीच जातात.

दिवस बराच वर होता, म्हणून आधी किल्ला पाहून घेतला. हुमायूनच्या धास्तीने गुजरातच्या बहादूरशहाने १५३५ मध्ये पोर्तुगिजांना इथे किल्ला बांधू दिला. पुढे १५३८ आणि १५४६ मध्ये वेढे पडले, पण किल्ला काही त्यांच्या हातून सुटला नाही. सुटला तो थेट डिसेंबर १९६१ मध्ये. त्या वेळी दीवसमोर आयएनएस दिल्ली ही क्रूझर तोफा डागत होती, आणि विमानवाहू विक्रांतच्या सोबतीला दिलेल्या नौकांमध्ये तेव्हा जेमतेम तीन वर्षं सेवेत असलेली एक फ्रिगेट होती: आयएनएस खुकरी. गोवा, दमण आणि दीव मुक्त करणाऱ्या मोहिमेतली ही नौका बरोबर दहा वर्षांनी, डिसेंबरातच, दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर बुडाली.

स्मारक समुद्रालगतच्या टेकडीवर आहे. खाली खडकांवर लाटा आपटतात, बाजूला खुलं प्रेक्षागृह आहे आणि वर काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती. डिसेंबर १९९९ मध्ये हे स्मारक उभं राहिलं. प्रतिकृतीसमोर फोटो काढून मंडळी पुढे सरकतात. मी मात्र तिच्या नाळेवर काय दिसतं, किंवा खरं तर काय दिसत नाही, ते पाहत राहिलो. युद्धनौका म्हटली की पुढे मोठी तोफ हवी. खुकरीला ती नव्हतीच.

याचं कारण तिच्या जन्मात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला सोव्हिएत पाणबुड्यांची धास्ती होती. चांगल्या फ्रिगेटी महाग पडत होत्या, म्हणून स्वस्तातल्या, एकाच कामाच्या फ्रिगेटी काढल्या. तोच ब्लॅकवुड वर्ग. एकच पंखा, किरकोळ ४० मिलिमीटरच्या तोफा आणि पाणबुडीवर बॉम्ब फेकणाऱ्या दोन ‘लिंबो’, म्हणजे तीन-तीन नळ्यांच्या उखळी तोफा. बारा नौका ब्रिटनने स्वतःसाठी बांधल्या आणि तीन भारताला मिळाल्या: खुकरी, कृपाण आणि कुठार. खुकरी वाइट बेटावरच्या काऊज इथल्या जे. सॅम्युएल व्हाइट यांच्या गोदीत बांधली गेली. २० नोव्हेंबर १९५६ रोजी ती पाण्यात उतरली आणि १६ जुलै १९५८ रोजी नौदलात आली. लांबी साधारण ९४ मीटर. स्वतंत्र भारताच्या नौदलाने खिशाला परवडेल ते घेतलं. त्यात गैर काही नव्हतं. पण लिंबोचा पल्ला जेमतेम ९०० मीटर होता, ही गोष्ट टेकडीवर उभं राहून लक्षात ठेवली पाहिजे.

१९७१ चं युद्ध सुरू झालं तेव्हा पाकिस्तानकडे फ्रान्सहून आलेल्या दाफ्ने वर्गाच्या नव्या पाणबुड्या होत्या. त्यांतली हंगोर ही दोनच वर्षांपूर्वी दाखल झालेली. कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याने भारतीय नौदलाचा दरारा बसला होता, पण सौराष्ट्राच्या समुद्रात एक पाणबुडी फिरते आहे याचा सुगावाही लागला होता. तिला शोधायला मुंबईहून १४ वं फ्रिगेट स्क्वाड्रन निघालं. कुठार बिघाडामुळे मागे राहिली. निघाल्या त्या खुकरी आणि कृपाण दोघीच. खुकरीवर सोनारची नजर लांबवण्याचा एक प्रयोग चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता. पाणबुडीच्या टप्प्यात संथ चाललेली नौका म्हणजे काय, हे नाविकाला कोणी सांगावं लागत नाही.

९ डिसेंबरच्या रात्री हंगोरचा पहिला पाणतीर कृपाणवर सुटला. तो फुटलाच नाही. दुसरा पावणेनऊच्या सुमारास खुकरीला लागला आणि दोनेक मिनिटांत नौका गेली. १८ अधिकारी आणि १७६ नाविक तिच्याबरोबर गेले. वाचलेल्या सदुसष्ट जणांना दुसऱ्या दिवशी पाण्यातून उचललं. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला नाविकांना नौका सोडायला लावत राहिले आणि स्वतः मात्र खुकरीवरून उतरले नाहीत. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवल्याची ही पहिली घटना. हंगोरच्या शोधासाठी कराचीवरचा ठरलेला तिसरा हल्ला रद्द करावा लागला. एवढं करूनही ती सुखरूप घरी पोहोचली. आज ती कराचीच्या सागरी संग्रहालयात आहे.

मुल्लांच्या शौर्याबद्दल दुमत असण्याचं कारणच नाही. पण आपल्याकडे शौर्याची गोष्ट सांगितली की बाकीचे प्रश्न आपोआप मिटतात, आणि ते मला खटकतं. मारा करायला ९०० मीटरपर्यंत जवळ जावं लागणारी नौका दुरून पाणतीर सोडणाऱ्या पाणबुडीच्या शोधात पाठवली गेली. दुसरी नौका हाताशी नव्हती हे मान्य. तरीही ही विषम जोडी स्मारकाजवळच्या माहितीत ठळकपणे यायला हवी. त्याने मुल्ला लहान होत नाहीत. उलट, तिथे उभ्या राहणाऱ्या शाळकरी मुलाला त्या रात्री माणसं काय घेऊन लढली, ते कळेल.

दीवला दुसरी खुकरीही पाहायला मिळते. ही आपल्या माझगाव डॉकने बांधली. २३ ऑगस्ट १९८९ रोजी ती नौदलात आली आणि बत्तीस वर्षांत सहा लाखांहून अधिक सागरी मैल फिरून डिसेंबर २०२१ मध्ये विशाखापट्टणमला निवृत्त झाली. २०२२ च्या सुरुवातीला ती दीव प्रशासनाच्या हवाली झाली. ती क्षेपणास्त्रवाहू कॉर्व्हेट होती. पाणबुड्या शोधणं हे तिचं मुख्य काम नव्हतं. म्हणजे पहिलीचं नाव तिने चालवलं, काम नाही. कृपाण आणि कुठार या जुन्या बहिणींचं पुढचं आयुष्य त्या मानाने शांत गेलं: १९७८ मध्ये नव्यानेच उभ्या राहिलेल्या तटरक्षक दलाकडे त्या सोपवल्या गेल्या.

दीवला गेलात तर टेकडीवर सकाळी जा. संध्याकाळी सूर्यास्तवाल्यांची गर्दी असते आणि काचेवरच्या झगमगाटात प्रतिकृती नीट दिसत नाही. आधी टेकडीवरची बिनतोफेची खुकरी पाहा आणि मग माझगावची. हाच क्रम बरोबर आहे.