सात इंचांची गाडी, तीन सेकंदांची शर्यत

मॅनहॅटन म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहते न्यूयॉर्क. पण मॅनहॅटन बीच हे गाव अमेरिकेच्या थेट दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात, पॅसिफिक महासागराच्या काठी आहे. लॉस एंजेलिसचा विमानतळ येथून हाकेच्या अंतरावर. गाव वसले आहे ते वाळूच्या जुन्या टेकड्यांवर. त्यामुळे इथल्या गल्ल्या समुद्राकडे चांगल्याच उताराने धावत जातात. उतार संपला की रुंद पुळण, व्हॉलिबॉलची जाळी आणि १९२० साली बांधलेला काँक्रीटचा लांबलचक धक्का. धक्क्याच्या टोकाला लाल छपराचे अष्टकोनी, टुमदार मत्स्यालय.

येणारे पर्यटक धक्क्यावर सूर्यास्त पाहतात, फोटो काढतात आणि परततात. याच उताराच्या गावात एका चिमुकल्या उतारावरची शर्यत जन्माला आली, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. शर्यतीचे नाव पाइनवुड डर्बी. गाडी लाकडाची, हाताएवढी. चालक नाही, इंजिन नाही. आणि ती बनवायची कोणी? मुलाने, आई किंवा वडिलांच्या मदतीने.

धाकट्याच्या हट्टातून

१९५३ ची गोष्ट. विमाने बनवणाऱ्या नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या कंपनीत डॉन मर्फी नावाचे गृहस्थ कला विभागात काम करत. दुसऱ्या महायुद्धात गाजलेले मस्टँग विमान याच कंपनीचे. फावल्या वेळात मर्फी गावातल्या 'कब स्काउट' मुलांच्या पथकाचे प्रमुख म्हणून काम पाहत.

त्या काळी अमेरिकेत सोपबॉक्स डर्बीचे वेड होते. मुले लाकडी गाडी स्वतः तयार करत, तिच्यात बसत आणि उतारावरून सुसाट खाली येत. आपल्याकडे गल्लीतली पोरे फळीला बेअरिंगची चाके ठोकून जी गाडी पळवत, तिचाच हा थोरला भाऊ. ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन शहरात तिची राष्ट्रीय स्पर्धा भरे. मर्फींच्या मुलालाही तिच्यात उतरायचे होते. पण तो होता जेमतेम दहा वर्षांचा. वयात बसत नव्हता.

'मोठा झालास की बघू' असे सांगून बहुतेक वडिलांनी विषय मिटवला असता. मर्फींना आपले बालपण आठवले. लहानपणी त्यांनी विमानांच्या, मोटारींच्या, होड्यांच्या प्रतिकृती बनवल्या होत्या आणि त्यातला आनंद ते विसरले नव्हते. मुलगा गाडीत बसण्याएवढा मोठा नसेल, तर गाडीच मुलाच्या हातात मावेल एवढी लहान करावी, असे त्यांनी ठरवले. मुलाच्या हाताला काम मिळावे, हार-जीत खिलाडूपणे घ्यायची सवय लागावी आणि बाप-लेक जवळ यावेत, एवढाच त्यांचा हेतू होता.

कंपनीतल्या मंडळाने खर्चाला हातभार लावला. १५ मे १९५३ रोजी मॅनहॅटन बीचच्या स्काउट हाउसमध्ये पहिली शर्यत झाली. कोणती गाडी आधी पोचली हे कळावे म्हणून दारावरच्या घंटीचे भाग वापरून बॅटरीवर चालणारी शेवटची रेषा तयार केली होती. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १९५४ मध्ये, 'बॉइज लाइफ' या मुलांच्या मासिकाने ही कल्पना देशभर पोचवली आणि गावोगावी करवती चालू लागल्या.

जंगलातून आलेला 'अकेला'

'कब' म्हणजे छावा. या बालपथकांची कल्पना बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली आकाराला आणली, ती रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'चा आधार घेऊन. किपलिंगचा जन्म आपल्या मुंबईतला. त्याच्या गोष्टीतल्या लांडग्यांच्या म्होरक्याचे नाव अकेला. मुलाला वाट दाखवणाऱ्या वडीलधाऱ्याला कब स्काउटमध्ये आजही 'अकेला' म्हणतात. मग तो पथकाचा प्रमुख असो, शिक्षक असो की घरातली आई. हिंदीतला हा शब्द पॅसिफिकच्या काठावरची गोरी मुले सहज उच्चारतात, तेव्हा भारतीय पाहुण्याला गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय घरांतली मुलेही या पथकांत दिसतात. २०१८ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. 'बाप-लेकाची शर्यत' आता आई-लेकीचीही झाली आहे.

ठोकळा, चार चाके, चार खिळे

शर्यतीच्या काही आठवडे आधी प्रत्येक मुलाच्या हातात एक छोटे खोके पडते. त्यात असतो मऊ पाइन लाकडाचा सात इंच लांबीचा ठोकळा, प्लास्टिकची चार चाके आणि आसाऐवजी चार खिळे. नियम एक मात्र कडक आहे. तयार गाडीचे वजन पाच औंसांपेक्षा, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅमपेक्षा जास्त भरता कामा नये.

आता मुलाने कागदावर आकार काढायचा. कोणाला विमान हवे, कोणाला शार्क मासा, कोणाला सँडविच. मोठ्यांनी करवत चालवायची, मुलाने पॉलिश पेपरने घासायचे, रंगवायचे. ज्यांच्या घरी हत्यारे नाहीत, त्यांच्यासाठी बरीच पथके एखाद्या शनिवारी सामुदायिक कामाचा दिवस ठेवतात.

गाडी पळते ती केवळ गुरुत्वाकर्षणाने. म्हणून सगळी हुशारी लागते ती घर्षण कमी करण्यात. खिळ्यांवरची बारीक खरवड घासून ते आरशासारखे चकचकीत करायचे. त्यांवर ग्राफाइटची काळी पूड टाकायची. ही तीच पूड, जी पेन्सिलीच्या शिशात असते. चाके सरळ बसली नाहीत तर गाडी कडेला घासते आणि वेग मरतो. वजन मर्यादेच्या अगदी काठाला आणायचे आणि शक्यतो मागच्या बाजूला ठेवायचे. गाडी उतारावर उभी असते तेव्हा मागची बाजू उंच असते. वजन जितक्या उंचावरून खाली येईल, तितका वेग जास्त. शाळेतला विज्ञानाचा धडा असा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलगडत जातो.

करवत कोणाच्या हाती?

खरी परीक्षा सुरू होते ती याच टेबलावर. मूल घासते वेडेवाकडे, रंग सांडते, मधेच कंटाळते. वडिलांना राहवत नाही. 'आण इकडे, मी दाखवतो' म्हणता म्हणता गाडी त्यांच्या हातात जाते आणि मूल शेजारी नुसते बघत बसते. आपल्याकडे शाळेचा प्रकल्प रात्री जागून कोण पूर्ण करते, हे आठवले की अमेरिकन बापाला हसण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. गाडीचे वेड मुलांपेक्षा बापांच्याच डोक्यात कसे शिरते, यावर तिकडे २००५ साली 'डाउन अँड डर्बी' नावाचा विनोदी चित्रपटही निघाला.

काही पथकांनी यावर साधा तोडगा काढला आहे. मोठ्यांसाठी वेगळी शर्यत! ज्यांना आपली कारागिरी दाखवायची हौस आहे, त्यांनी आपली गाडी वेगळी बनवावी, मुलाची मुलाकडे राहू द्यावी. सुंदर रंगासाठी, गमतीदार आकारासाठीही बक्षिसे असतात. म्हणजे वेगात मागे पडलेला मुलगा रिकाम्या हाताने घरी जात नाही.

तीन सेकंद

शर्यती बहुधा जानेवारी ते मार्चच्या सुमारास होतात. शाळेचे किंवा चर्चचे सभागृह असते. आधी प्रत्येक गाडी काट्यावर चढते. एखादी ग्रॅमभर जड निघाली की धावपळ होते, कोपऱ्यात ड्रिल मशिन घुरघुरते. एकदा गाडी मंजूर झाली की तिला हात लावायचा नाही.

मधोमध दहा-बारा मीटर लांबीचा मार्ग असतो. सुरुवातीला उतार, पुढे सपाट. पूर्वी तो लाकडी असे, आता बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा. घंटीच्या जागी सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे यंत्र आले आहे. कोणावर अन्याय नको म्हणून गाड्या आळीपाळीने वेगवेगळ्या पट्ट्यांवरून सोडतात.

अडसर पडतो, गाड्या सुटतात आणि तीन-साडेतीन सेकंदांत सारे संपते. तीन आठवड्यांच्या मेहनतीला तीन सेकंद! कोणाची गाडी पहिली येते, कोणाची सपाटीवर डगमगत रेषा गाठते. मागे पडलेले मूल त्या क्षणी यंत्रावरच्या आकड्यांकडे पाहत नाही. ते वळून पाहते आपल्या आईकडे, बापाकडे. तिथे निराशा दिसली तर ते हरते. तिथे हसू दिसले तर ते गाडी उचलून पुढच्या फेरीसाठी रांगेत उभे राहते. चाक कितीही गुळगुळीत केले, तरी ही गोष्ट घरूनच तयार करून आणावी लागते.

डॉन मर्फी २००८ साली वारले. त्यांची शर्यत मात्र सत्तर वर्षे उलटून गेली तरी चालूच आहे. लहानपणी ज्यांनी गाड्या पळवल्या, ते आज आजोबा झाले आहेत. नातवाचे खोके घरी आले की कपाटातली आपली जुनी गाडी ते बाहेर काढतात. रंग उडालेला, एक चाक ढिले. ती जिंकली होती की हरली होती, हे कित्येकांना आठवतही नाही. पण कोणाबरोबर बसून बनवली होती, ते कोणी विसरलेले नसते.