ओटा कापताना

दगड बघायला गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, फोडणीची कढई उतरवून ठेवता कुठे? लोक रंग ठरवून आलेले असतात. मोबाइलमधला फोटो पुढे करतात. पांढराशुभ्र ओटा, त्यात राखाडी शिरा. "असाच हवा, दादा." तो क्वार्ट्ज असतो.

गेली २४ वर्षं मी ओटेच बसवतोय. क्वार्ट्ज दिसायला देखणा, यात वाद नाही. एका लादीसारखी दुसरी लादी मिळते, पाणी पीत नाही, लिंबाचा डाग धरत नाही. पण तो खाणीतून निघालेला अखंड दगड नव्हे. वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास क्वार्ट्जची खडी आणि पूड, उरलेलं रेझिन आणि रंग. हे सगळं हवा काढून, थरथरवून दाबतात आणि तापवून घट्ट करतात. खडीला उष्णतेचं काही वाटत नाही, रेझिनला वाटतं. साधारण १५० अंशांच्या पुढे ते पिवळं पडायला लागतं, आणि आपली फोडणीच त्याहून तापलेल्या तेलात होते. मीच बसवलेल्या एका ओट्यावर वर्षभरात शेगडीच्या उजव्या हाताला कढईच्या बुडाएवढं पिवळं वर्तुळ उमटलं होतं. त्या काकूंनी सोडा, लिंबू, सगळं घासून पाहिलं. जळलेलं रेझिन घासून निघत नाही. तो प्रश्न मी तेव्हापासून विचारू लागलो.

काळ्या ग्रॅनाइटवर तवा ठेवा, खलबत्ता आपटा, तो सोसतो. मात्र तो पारखून घ्यावा लागतो. मी लादीवर पाण्याचे चार थेंब सोडतो आणि दहा मिनिटं हात लावत नाही. पुसल्यावर खाली गडद ठिपका राहिला तर लादी पाणी पिते, तेलही पिणार. मग पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन कोपरा चोळतो. फडकं काळं झालं तर तो करड्या दगडाला काळा रंग पाजलेला माल. असा ओटा दोन वर्षांत सिंकपाशी फिका पडतो.

ओंगोलजवळच्या चिमाकुर्तीचा ब्लॅक गॅलेक्सी मला सर्वांत आवडतो. त्यातले सोनेरी ठिपके ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे. बाजार त्याला ग्रॅनाइट म्हणतो, पण भूशास्त्राच्या लेखी तो गॅब्रोच्या कुळातला. त्यात क्वार्ट्ज जवळपास नसतंच. गिऱ्हाइकाला याने फरक पडत नाही. कापणाऱ्याला पडतो.

ब्लेड फिरलं की दगडातलं क्वार्ट्ज धूळ होऊन हवेत येतं. ती सिलिका छातीत बसली की बाहेर निघत नाही, फुफ्फुस दगडासारखं घट्ट होत जातं. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्जच्या लाद्यांवर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, ती याच धुळीपायी. आपल्याकडे अजून फ्लॅटच्या बाल्कनीत, तोंडाला रुमाल बांधून, कोरडं कटिंग चालतं. पाणी मारलं तर रेंदा खाली ओघळतो, सोसायटी ओरडते. ज्यांच्या हाताखाली मी कटर धरायला शिकलो, ते आता दोन जिने चढताना चार वेळा थांबतात. म्हणून मी माप घेऊन येतो आणि सगळं गोदामातच, पाण्याची धार सोडून कापतो. दगड कुठलाही असो. सिंकचा गाळाही तिथेच काढतो, कोपरे गोल ठेवून. काटकोनात कापला की तडा नेमका कोपऱ्यातून जातो. गाळ्यापुढे जेमतेम अडीच इंचांची पट्टी उरते. ती जिन्यात मोडू नये म्हणून तिला लाकडी फळी बांधून लादी उभीच वर चढवायची. वेळ दुप्पट लागतो, मजुरी मी तेवढी सांगतो, आणि काही गिऱ्हाइकं त्यावरून परत जातात.

दिवाळीआधी एका ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तरी पांढरा क्वार्ट्जच घेतला. घर त्यांचं, स्वयंपाक त्यांचा. मी बसवून दिला. गोदामात आदल्या कामातला, सिंकच्या गाळ्यातून निघालेला ब्लॅक गॅलेक्सीचा तुकडा पडला होता. त्याच्या कडा घासून, पॉलिश करून, खाली रबराच्या चार चकत्या चिकटवून तो त्यांच्या शेगडीच्या उजव्या बाजूला ठेवला. संक्रांतीला नळाच्या कामासाठी पुन्हा गेलो, तेव्हा त्यावर कढई होती. आत तेल अजून तडतडत होतं.