वाघ्या आणि नियम

आष्टीत आमच्या वाघ्याला सगळे ओळखतात. नाव वाघ्या, पण मांजर दिसलं की माझ्या लेंग्यामागे लपतो. थोरला पुण्याला शिकायला निघाला तेव्हा मला नमस्कार करायचा विसरला, वाघ्याला मात्र मिठी मारून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "बाबा, याला एकदा मोर दाखवून आणा."

डोंगरातलं एक राष्ट्रीय उद्यान म्हणजे चांदोली. ते पार सह्याद्रीत, क्लार्कच्या रजेत न बसणारं. म्हणून पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य ठरवलं. बालाघाटच्या डोंगरातलं, १९९४ साली जाहीर झालेलं. श्रावणातल्या एका रविवारी मेहुण्याची जीप, सौ.चे धपाटे आणि वाघ्याचा नवा पट्टा अशी स्वारी निघाली.

फाटकावर वनरक्षक म्हणाला, "साहेब, कुत्रं आत नेता येत नाही."

"साखळी आहे."

"तरी नाही."

"अहो, हा मांजराला भितो!"

"ते लांडोरीला कुठं ठाऊक?"

बावीस वर्षं 'नियमात बसत नाही' हे वाक्य मी काउंटरच्या आतून म्हणत आलो. जाळीबाहेर उभं राहून ते पहिल्यांदाच ऐकलं. बाहेरून फारच कडू लागतं हो!

पण त्या गड्यानं, मी कधी करत नाही ते केलं. कारण सांगितलं. "लांडोर झुडपाखाली, जमिनीवरच अंडी घालती. चार-सहा असत्यात. ह्या दिवसांत ती उबवाय बसलेली. कुत्र्याला भिऊन उठली की अंडी उघडी. शिवाय रोगराई. गीरमधी २०१८ साली सिंह मेले, त्यात कुत्र्यांना होणारा डिस्टेंपरबी होता." एवढं बोलून त्यानं वाघ्यापुढं पाण्याची पाटी ठेवली.

फाटकाबाहेर लिंबाखाली आम्ही धपाटे सोडले. तेवढ्यात डोंगरातून मोर ओरडला, "म्याऽऽव!" वाघ्या थेट माझ्या लेंग्यामागे. थोरल्याला फोनवर सांगितलं, "दाखवता नाही आला, पण ऐकवला."

सोमवारी काउंटरवर तेच म्हातारबाबा. सही जुळत नाही म्हणून तीनदा परत पाठवलेले. या वेळी मी बाहेर येऊन बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. म्हटलं, "बाबा, तुमच्या नावानं दुसऱ्या कुणी पैसे काढू नयेत म्हणून सही बघतो. हात कापतो ना? मग अंगठ्याचा अर्ज भरू." आणि अर्ज मीच भरला.

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "असं होय! आधीच सांगायचं की, साहेब. मला वाटलं, तुमचा माझ्यावर राग हाय."