पाकीट जपून ठेवा

सोयाबीनची मळणी होऊन पोती घरात आली की आमच्या गावात घरोघरी उंदरांचं औषध येतं. शेजारच्या आबांनी थप्पीमागे वड्या ठेवल्या होत्या. आमची कुत्री सोनी तिथून जिभल्या चाटत बाहेर आली, तेव्हा तिच्या मिशांना हिरवट-निळा चुरा चिकटला होता.

ती मजेत शेपूट हलवत होती. ‘‘काही होत न्हाई तिला, कशी उड्या मारतीय बघ की,’’ आबा म्हणाले. काकू मिठाचं पाणी कालवायला धावल्या, कुणी दूध-तूप पाजायला सांगितलं. मी कुणालाच काही पाजू दिलं नाही. मिठाच्या पाण्यानं कुत्र्याच्या रक्तातलं सोडियम इतकं चढू शकतं की त्यानंच जीव जावा. आणि दुधा-तुपानं विष उतरत नाही.

‘‘आबा, पाकीट कुठंय?’’

ते उकिरड्यावर सापडलं. ब्रोमॅडिओलोन, ०.००५ टक्के. डॉक्टरांना फोनवर नाव वाचून दाखवलं. ‘‘आत्ताच्या आत्ता आणा, पाकिटासकट,’’ ते म्हणाले. त्या नावावरच सगळे उपचार ठरतात. पिठात कालवतात ती काळी पूड, म्हणजे झिंक फॉस्फाइड असती, तर पोटात विषारी वायू तयार झाला असता. त्याला उतारा नाही, आणि ओकारीतून निघणारा वायू जवळच्या माणसांनाही बाधतो.

इंजेक्शन देताच सोनी ओकली. भाकरीच्या लगद्यात हिरवे कण स्पष्ट दिसत होते. ओकारी काढण्याचा उपयोग पहिल्या एक-दोन तासांतच जास्त, म्हणून आमची घाई सार्थकी लागली. मग कोळशाचं औषध पाजलं.

खरा धोका पुढेच होता. हे विष शरीराला ‘के’ जीवनसत्त्व पुन्हा वापरू देत नाही. रक्त गोठवणारे घटक आधीचे शिल्लक असतात, तोवर कुत्रं ठणठणीत दिसतं. दोन-तीन दिवसांनी ते संपले की हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, छातीत-पोटात रक्तस्राव होतो. म्हणून डॉक्टरांनी के-वनच्या गोळ्या लिहून दिल्या, तीन-चार आठवड्यांच्या. औषधाच्या दुकानात पुढे आल्या त्या के-थ्रीच्या. या विषावर त्या चालत नाहीत. मी फायटोमेनाडिओन हे नावच धरून बसले, तेव्हा दुकानदारानं दुसरीकडून मागवून दिल्या.

त्या गोळ्या स्निग्ध खाण्याबरोबर अंगी लागतात. मग काकूंचं तूप कामी आलं. सोनीच्या घासात चमचाभर तूप रोज त्याच घालायच्या.

शेवटची गोळी झाल्यावर ४८ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी केली. ती व्यवस्थित आली. आता आमची एकच मागणी आहे. आठवडी बाजारात या वड्या सुट्ट्या, कागदात गुंडाळून विकतात, ते बंद व्हायला हवं. ग्रामसभेत आबांनीच तो विषय मांडलाय.