गेले तेवढेच पाणी

घरातल्या मत्स्यपेटीतले पाणी कमी होताना कोणी पाहत नाही. पेटीला तडा नाही, खाली ओल नाही. तरी चार दिवसांनी पाहावे तर पातळी बोटभर खाली गेलेली असते आणि जुन्या पातळीपाशी काचेवर एक पांढरी रेघ उमटलेली असते. ही रेघ तुम्ही नीट पाहावी. वाफ होऊन गेले ते निव्वळ पाणी. त्यात विरघळलेले क्षार मागेच राहिले आणि त्यांतलेच काही काचेला चिकटले. आपण मात्र भर घालतो ती पुन्हा क्षारयुक्त पाण्याची.

हिशेब साधा आहे. 60 सेंमी लांब व 30 सेंमी रुंद पेटीतले पाणी अर्धा सेंमी उतरले, म्हणजे 900 मिलिलीटर उडाले. भर उन्हाळ्यात रोज एवढे जाते असे धरले, तर 50 लिटरच्या पेटीतून आठ आठवड्यांत पेटीभर पाणी हवेत जाते. ती तूट बोअरवेलच्या पाण्याने भरत राहिलात, तर तेवढ्या पाण्यातले सगळे क्षार पेटीत जादा साठतात. गप्पी मासा हे सोसतो. निऑन टेट्रा हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातील मृदू पाण्याचा जीव. त्याला ते मानवत नाही. म्हणून भर घालायची ती आर. ओ. यंत्रातून निघालेल्या पाण्याची. (ठरावीक दिवसांनी थोडे पाणी बदलणे ही निराळी गोष्ट, ती यामुळे चुकत नाही.)

आमच्या घरी ही भर वडील घालत. देवपूजा आटोपली की तांब्याभर पाणी हळूहळू पेटीत सोडायचे आणि मासे वर येईतो थांबायचे, हा त्यांचा नेम होता. पुढे त्यांचा हात थरथरू लागला आणि भरलेला तांब्या खांद्याच्या वर उचलणे धोक्याचे झाले. पाणी आपोआप भरण्याची सोय करू, असे मी सुचवले. ‘‘म्हणजे माझे एवढेही काम गेले,’’ ते म्हणाले. त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. पण त्यांना तांब्या उचलू देणे हेही उत्तर नव्हते.

सोय म्हणजे काही मोठे यंत्र नव्हे. गच्चीवरच्या टाकीत बॉलकॉक असतो, त्याचेच हे लहान रूप. पेटीच्या वरच्या फळीवर पाण्याचा पारदर्शक डबा, त्यातून उतरणारी बारीक नळी आणि नळीच्या टोकाला तरंगत्या गोळ्याची झडप. पातळी उतरली की गोळा उतरतो, झडप उघडते. पाणी चढले की गोळा चढून तिला मिटवतो. वीज लागत नाही, त्यामुळे भारनियमनाची चिंता नाही. महादेवाच्या पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र तुम्ही पाहिले असेल. तेही थेंबाथेंबाने पाणी देते, परंतु खाली किती साचले याची विचारपूस करीत नाही. आपला गोळा नेमकी तीच करतो.

आणि झडप अडकली तर? क्षाराचा कण किंवा एखादी गोगलगाय एवढ्यानेही ती अडकू शकते. म्हणून भिस्त झडपेवर न ठेवता डब्याच्या मापावर ठेवावी. 5 लिटरचा डबा पुरता रिता झाला, तरी एवढ्या पेटीतली पातळी 3 सेंमीदेखील चढत नाही. काठाखाली 4 सेंमी जागा मोकळी ठेवली की फरशी कोरडी राहते. दुकानदाराने 20 लिटरचा जार सुचवला होता, म्हणजे महिना महिना पाहायला नको! मला तो सल्ला पटला नाही. पाहायला नको, हीच त्यातली खोट.

पाहण्याचे काम वडिलांनी आपणहून घेतले. डब्यावर त्यांनी रेघा आखलेली कागदाची पट्टी चिकटवली आणि एक वही घातली. मे महिन्यात डबा पाच-सहा दिवसांत संपतो. श्रावणातल्या दमट हवेत तोच दहा-बारा दिवस पुरतो, हे त्या वहीवरूनच मला कळले. डबा भरतो मी, पण केव्हा भरायचा ते तेच सांगतात. परवा त्यांनी हाक मारली. ‘‘कालपासून पाणी रेघेवरून हललेले नाही,’’ म्हणाले. पाहतो तो पेटीतल्या पाण्याच्या शिंतोड्यांनी झडपेच्या सांध्यावर क्षारांचा पापुद्रा धरला होता. झडप काढून तासभर व्हिनेगरमध्ये बुडवली, स्वच्छ धुतली आणि पुन्हा बसवली. संध्याकाळी त्यांनी वहीत वेळ घालून नोंद केली: पाणी चालू.