चार दिवस शिळा ‘केसरी’

बंगळुरात के. आर. पुरमला लागून दूरवाणीनगर. बाबा तिथल्या आयटीआयमध्ये, टेलिफोनच्या कारखान्यात. आमच्या क्वार्टरमध्ये ‘केसरी’ पुण्याहून टपालाने यायचा, तोही तीन-चार दिवस शिळा. पोस्टमनची सायकल वाजली की आम्ही पाचही भावंडं धावायचो. अंकावरची कागदी पट्टी फाडायचा मान जो आधी पोचेल त्याचा. अंक मात्र आधी आजोबांचा.

आजी म्हणायची, “छापून आलंय ना? मग खरंच असणार.”

त्यावर आजोबांचं उत्तर ठरलेलं, “कोल्हापूर प्रकरण!” १८८१ साली ‘केसरी’ निघाला आणि कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे तरुण छत्रपतींचा छळ करतात, असा मजकूर त्यात येऊ लागला. ज्या पत्रांवर भिस्त ठेवली होती ती बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची कैद झाली आणि १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. “हेतू चांगला, मजकूर खोटा. भोगलं त्यांनी,” आजोबा सांगत. आमच्या घरात तो वाक्प्रचारच झाला. बेसनाच्या लाडवाचा आळ धाकट्यावर आला की तो ओरडायचा, “कोल्हापूर प्रकरण! पुरावा दाखवा!”

मग १९७५ चा जून आला, आणीबाणी आली. २६ तारखेला विरोधी पक्षांचे नेते मधु दंडवते, वाजपेयी, अडवाणी यांना आमच्याच बंगळुरात अटक झाली. प्रमिलाताई दंडवते पुढे येरवड्याला. नवरा-बायकोची पत्रंसुद्धा तपासूनच जायची. छापायचा मजकूर आधी सेन्सॉरच्या नजरेखालून जाऊ लागला. कारण सांगायचे, अफवा पसरू नयेत. दिल्लीच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’ने २८ जूनला अग्रलेखाची जागा कोरी सोडली, हेही आम्हाला कुणाच्या तरी तोंडूनच कळलं.

आजी अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायची. “दंडवते, कोकणचा खासदार, इथल्या तुरुंगात. तो काय खातो, बरा आहे का, एवढं छापायला काय जातं यांचं?” मग बाबांच्या शिफ्टमधून, दूधवाल्याकडून कायकाय ऐकू यायचं, खरं किती, खोटं किती, कुणी सांगावं? आजोबा एकदा चिडून म्हणाले, “अफवा थांबवायला निघाले आणि आपल्याला अफवांवरच जगायला लावलं! कोल्हापूरच्या वेळी आधी छापलं, मग चारचौघांत खोटं ठरलं. आता खोटं ठरायचीसुद्धा सोय नाही.”

त्यानंतर आजीच्या तोंडून “छापून आलंय ना?” ऐकलं नाही. “यात काय गाळलंय?” असं विचारायची.

दंडवते होते त्या गांधीनगरातल्या जुन्या सेंट्रल जेलचं पुढे फ्रीडम पार्क झालं. आम्ही पाचही जण एकदा तिथे गेलो. बराकीसमोर उभी राहून ताई हळूच म्हणाली, “काय खात असतील गं दंडवते?” आवाज हुबेहूब आजीचा होता.