माझ्या मशीनवर तर चालतंय!

मंडळी, गेल्या मे महिन्यातले दोन वीकांत मी डीव्हीडी जाळण्यात घालवले. होय, डीव्हीडी. टीममधल्या ज्युनियर मुलीला सांगितलं तर तिनं असं पाहिलं की जणू मी टेलिग्राम पाठवायला पोस्टात निघालोय. बरं, 'जाळणे' हा शब्दही आमच्या घरी जपून वापरावा लागतो. "आई, आज रात्री डीव्हीडी जाळायच्या आहेत," म्हटल्यावर आईनं आधी माचिस उचलून ठेवली होती. :)

तर झालं असं. पंधरा दिवस वर्क फ्रॉम होम पदरात पाडून मी पुण्याहून चंद्रपूरला घरी आलो होतो. मे महिन्यात चंद्रपूरला स्वखुशीनं येणारा माणूस एकतर वेडा असतो, नाहीतर त्याची आजी बोलावत असते. माझं दुसरं कारण. आजी राहते वडशाच्या पुढे, गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावात. तिचा फोन आला, "बाबू, तुझ्या मामाचं नाटक लागत नाई गा. थकली आता थे तबकडी."

इथे थोडा फ्लॅशबॅक हवा. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला म्हणतात झाडीपट्टी. दिवाळी झाली, धान घरात आला, की इथे गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. नऊ-दहाला पडदा वर जातो आणि संपता संपता उजाडतं. या सगळ्या उद्योगाचं केंद्र म्हणजे वडसा, नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथे आहेत. २०२३ साली झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यात पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, "हे झाडीपट्टी म्हणजे नेमकं काय रे?" मी अर्धा तास बोललो. चहा थंड झाला.

माझा मोठा मामा कंपनीतला नट नव्हता. गावातल्या हौशी मंडळात दरवर्षी विनोदी भूमिका करायचा, बाकी वर्षभर शेती. २०१० च्या जानेवारीतल्या नाटकाचं गावातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यानं शूटिंग केलं आणि तीन डीव्हीडी करून दिल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मामा गेला. त्यानंतर आजी दर दोन-चार दिवसांनी त्या डीव्हीडी लावायची. आता त्या अडकायला लागल्या होत्या. चित्राचे चौकोन व्हायचे, मग आवाज जायचा, मग प्लेअर रुसायचा.

यात नवल काही नाही. दुकानात मिळणाऱ्या सिनेमाच्या डीव्हीडीत खड्डे साच्यातून छापलेले असतात, ते टिकतात. आपण लिहितो त्या डीव्हीडीत सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर असतो आणि लेसर त्यावर अक्षरशः डाग पाडतो. ऊन, उकाडा, उजेड लागला की तो रंग उतरत जातो. आणि आजीच्या डीव्हीडी कुठे ठेवलेल्या? टिनाच्या छपराखाली, टीव्हीच्या डोक्यावर, बिनकव्हरच्या. अकरा उन्हाळ्यांच्या वर टिकल्या हेच खूप.

नशीब एवढं की मावसभावानं २०१३ साली त्या तीनही डिस्क हार्डडिस्कवर उतरवून ठेवल्या होत्या. म्हणजे डेटा शाबूत! आता तुम्ही म्हणाल, पेनड्राइव्हवर टाकून दे ना. आजीच्या प्लेअरला यूएसबी नाही. मग नवा प्लेअर घे? घेतला असता हो. पण आजीला आता दिसतं कमी. तिला त्या जुन्या रिमोटवरचं प्लेचं बटण अंगठ्यानं सापडतं, कारण ते झिजून गुळगुळीत झालंय. नव्या वस्तूचा नवा रिमोट म्हणजे दरवेळी शेजारच्या पोराला हाक मारणं. मी ठरवलं, आजी बदलायची नाही, डिस्क बदलायची.

आणि इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. पाच तासांचं नाटक, तीन डिस्क, आजीला दोनदा उठावं लागणार... छे! त्यापेक्षा मामाचे सगळे प्रवेश एकत्र करून एकच झकास डिस्क करू. 'बेस्ट ऑफ मामा'. घोषणा, मधली बक्षिसं, पडदा बदलेपर्यंतची कुजबुज, सगळा कचरा उडवला. सव्वादोन तास उरले.

गोल बाजारात कोऱ्या डीव्हीडी शोधायला निघालो. चार दुकानांनी हसून परत पाठवलं. शेवटी एका फोटो स्टुडिओवाल्यानं माळ्यावरून धुळीनं माखलेला डबा काढला. "जुना स्टॉक आहे, गॅरंटी नाही," म्हणाला. इतकं प्रामाणिक वाक्य मी आमच्या कुठल्याच रिलीज नोटमध्ये वाचलेलं नाही.

आता सुरू झाली खरी कथा.

डिस्क क्रमांक एक. बाबांच्या जुन्या लॅपटॉपला आतच रायटर आहे. डिस्क टाकली, बटण दाबलं, आणि एरर : पॉवर कॅलिब्रेशन. लिहिण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या कडेला राखून ठेवलेल्या जागेत लेसरचा दाब कमी-जास्त करून चाचणी घेतो, की या डिस्कला किती ताकद लागेल. ती चाचणीच नापास. कारणं तीनच. भिंगावर धूळ, डिस्क वाईट, किंवा लेसर म्हातारा. भिंग कापसानं पुसलं, दुसरी डिस्क घातली. तीच रड. म्हणजे लेसर म्हातारा. गेल्या दोन डिस्क.

मग ऑनलाइन एक बाहेरून जोडायचा रायटर मागवला. तो यूएसबी हबला लावला. वाचायला एकदम शहाणा! लिहायला घेतलं की तीन टक्क्यांवर खट्ट आवाज आणि ड्राइव्ह गायब. अर्धा तास ड्रायव्हर काढून घालून पाहिला (आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना दोष नेहमी सॉफ्टवेअरमध्येच दिसतो). खरा घोटाळा विजेचा होता. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं. वाचताना तेवढं पुरतं, पण लिहिताना मोटर आणि लेसर दोघेही जास्त मागतात, त्यात हबवर माऊस आणि फोनही चरत होते. हब काढला, दोन तोंडांची केबल घेऊन दोन्ही पोर्टांत खोचली. ड्राइव्ह शांतपणे फिरायला लागला.

पुढची अडचण बेरजेची. डब्यावर लिहिलंय ४.७ जीबी, माझी फाईल ४.५ जीबी, तरी मावत नाही म्हणतोय. कारण डिस्कवाले जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. विंडोजच्या हिशेबानं त्या डिस्कवर मावतात ४.३८ जीबी. पुन्हा एन्कोडिंग, पुन्हा दोन तास पंख्याखाली बसून घाम पुसणं.

रात्री अकराला बर्न सुरू केलं. ७० टक्के झालं म्हणून पाणी प्यायला उठलो. परत आलो तर लॅपटॉपचं झाकण बंद.

"काहून उघडं ठेवलंस रे? पाल पडली असती त्यात," आई म्हणाली.

झाकण बंद म्हणजे लॅपटॉप झोपला. लॅपटॉप झोपला म्हणजे डिस्क मेली. हबवाली धरून चार गेल्या. मी काहीही बोललो नाही. (मॅच्युरिटी म्हणतात ती हीच!)

पाचवी मात्र लिहून झाली. व्हेरिफायसुद्धा झाली. लॅपटॉपवर लावली, मामा स्क्रीनवर आला, धोतराचा सोगा सावरत पडला आणि प्रेक्षक हसले. मी पण हसलो. मग उगाच दहा मिनिटं तसाच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी चांदाफोर्टहून गोंदियाची गाडी धरली. मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगेचा पूल आणि वडसा. पुढे काळीपिवळी. डिस्क जेवणाच्या डब्यासारखी टॉवेलात गुंडाळून मांडीवर. आजीनं पाणी दिलं, मामी पण येऊन बसली. डिस्क घातली. प्लेअर घरघरला, विचार केला आणि हिरव्या अक्षरांत म्हणाला : नो डिस्क.

तीनदा घातली. तीनदा नो डिस्क. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "पण माझ्या मशीनवर तर चालतंय!"

हे वाक्य टेस्टिंगच्या लोकांना मी किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे. आजी टेस्टर नव्हती, म्हणून वाद घातला नाही. "राहू दे बाबू, जेवून घे," एवढंच म्हणाली.

चूक माझीच होती. स्टुडिओवाल्याच्या डब्यात होत्या डीव्हीडी प्लस आर. ही दोन घराण्यांची भानगड आहे. डीव्हीडी मायनस आर १९९७ ची, प्लस आर २००२ ची, आणि जुन्या प्लेअरांपैकी काहींना प्लस घराणं ओळखूच येत नाही. डिस्कवर 'मी कोण' सांगणारा एक छोटा कोड असतो. काही रायटर तो बदलून 'मी छापील डीव्हीडी आहे' अशी थाप मारू देतात. माझा देत नव्हता. आजीच्या जुन्या तीन डिस्क उलटून पाहिल्या तर तिन्हींवर स्वच्छ लिहिलेलं, मायनस आर. निघण्याआधी फोनवर विचारलं असतं तर मामीनं अर्ध्या मिनिटात वाचून दाखवलं असतं.

पुढच्या वीकांताला मायनस आरच्या डिस्क मिळवल्या, वेग कमी ठेवून ४ एक्सवर लिहिलं, सेशन बंद केलं आणि घरचा लॅपटॉप सोडून शेजारच्या काकूंच्या जुनाट प्लेअरवर तपासलं. चाललं. पुन्हा तीच गाडी, तोच पूल.

या वेळी प्लेअरनं डिस्क घेतली. मामा आला. मामी पदर तोंडाला लावून हसली आणि मग आत निघून गेली. आजी टीव्हीकडे बघतच नव्हती. खाटेवर डोळे मिटून बसली होती, मान जराशी वाकडी, ऐकत. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला, की चित्र स्वच्छ करण्यात मी दोन रात्री घालवल्या होत्या आणि आजीला टीव्हीवरचं चित्र दिसतच नव्हतं.

अर्ध्या तासानं तिनं डोळे उघडले.

"थे कुठी गेलं?"

"काय, आजी?"

"तुझ्या आजोबाचं नाव. माइकवर सांगतलं होतं ना."

मला काही कळेना. मामी दारातून म्हणाली, "बक्षिसाचं म्हणतात त्या."

गावच्या नाटकात कुणाचं काम आवडलं की लोक बक्षीस देतात आणि नाटक थांबवून माइकवर नावानिशी ते जाहीर होतं. आजोबांना मामाचं नाटक कधीच पसंत नव्हतं. शेती सोडून तोंडाला रंग फासतो म्हणून दोन-दोन महिने बोलायचे नाहीत. त्या रात्री ते मागे उभे राहून बघत होते म्हणे, आणि दुसऱ्या अंकानंतर त्यांनी ५१ रुपये दिले. माइकवर आजोबांचं पूर्ण नाव, मग "यांच्याकडून ५१ रुपये", मग मामाचं नाव. दोघांची नावं एका दमात. त्याच वर्षी पावसाळ्यात आजोबा गेले. आजी एवढी वर्षं त्या डीव्हीडी लावत होती, ती त्या दहा सेकंदांसाठी.

आणि मी ते कचरा म्हणून उडवलं होतं.

मंडळी, रिक्वायरमेंट गॅदरिंगवर ऑफिसनं मला दोन ट्रेनिंगं दिली आहेत. सर्टिफिकेटं आहेत. आजीला "तुला यातलं काय ऐकायचंय?" एवढं विचारायला मला सुचलं नाही.

लॅपटॉप, ड्राइव्ह, उरलेल्या डिस्क, हार्डडिस्क सगळं सुदैवानं पिशवीतच होतं. तिथेच ओसरीवर बसलो. मावसभावानं उतरवलेल्या फाईली मुळात डीव्हीडीच्याच साच्यातल्या. ना एन्कोडिंग, ना कापाकापी. जशाच्या तशा तीन डिस्कवर लिहायच्या, प्रत्येकी साधारण पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशीच हे केलं असतं तर... असो.

दुसऱ्या डिस्कमध्ये एक तास बाराव्या मिनिटाला ती घोषणा आहे. माइक शिट्टी मारतो, मागे तबलजी उगाच हात चालवून घेतोय आणि मग आजोबांचं नाव. मीही ते पहिल्यांदाच ऐकलं. आजी म्हणाली, "पुन्हा लाव." मी रिमोट शोधेपर्यंत तिच्या अंगठ्यानं बटण दाबलंसुद्धा.

आता त्या तीन डिस्क कपाटात, कव्हरात, उभ्या ठेवल्या आहेत. एक जोड चंद्रपूरला, एक प्रत क्लाउडवर, एक मावसभावाकडे. तुमच्याही घरी लग्नाची, बारशाची, नाटकाची अशी तबकडी पडली असेल तर या वीकांताला उतरवून घ्या. आणि उतरवताना काही कापू नका.

वाया गेलेल्या डिस्क आजीनं मागून घेतल्या. परसातल्या दोडक्याच्या मांडवाला दोरीनं टांगल्यात, पाखरं घाबरावीत म्हणून. परवा फोनवर विचारलं, उपयोग होतोय का?

"नाई गा. येऊन बसतेत अन् तोंड पाहतेत."